त्याची गाडी, तुमची फुंकर

पत्राचा गोषवारा: न्यू जर्सीत अकरा वर्षं राहणाऱ्या एका वाचक बाईंचं हे पत्र आहे. वय ३९, एक मुलगी सात वर्षांची. नवरा आयटीत, एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. बाईंचा व्हिसाही त्याच्याच व्हिसाला बांधलेला. गेल्या वर्षी मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाहून परतताना पोलिसांनी नवऱ्याला थांबवलं आणि तपासणीत रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ०.१२ निघाला (न्यू जर्सीत मर्यादा ०.०८). पकडला गेला तो पहिल्यांदाच. कोर्टाने दंड केला आणि नऊ महिने गाडीत इंटरलॉक लावायला सांगितलं. इंटरलॉक म्हणजे श्वास तपासल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र. त्याला आता चार महिने झाले. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी साडेआठला, मुलीला मराठी शाळेत सोडायला निघाले तेव्हा यंत्राने नवऱ्याला नापास केलं. चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं, तरी नापास. आदल्या रात्री घरी पाहुणे होते आणि बैठक एकच्या सुमारास मोडली होती. "दोन-तीनच घेतले होते," असं तो म्हणतो. शेवटी बाईंनी फुंकलं आणि त्यांनीच गाडी चालवली. तेव्हापासून त्याचा आग्रह चाललाय की अडीअडचणीला तू फुंकत जा, चालवेन मी. बाईंचे प्रश्न तीन आहेत. एखाद्या वेळी फुंकलं तर काय बिघडतं? मे महिन्यात पुण्याहून सासू-सासरे येताहेत, त्यांच्यापासून हे लपवावं का? आणि पाच महिन्यांनी यंत्र निघालं की हे प्रकरण मिटेल ना?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लगेच हवं आहे. फुंकू नका. अडीअडचणीलाही नाही आणि स्टेशनापर्यंत जायचंय म्हणूनही नाही.

त्या रविवारी तुम्ही केलंत त्यात काही चूक नव्हती. यंत्र लावलेली गाडी घरातल्या दुसऱ्या कुणी चालवायची तर त्यानेही फुंकायचंच असतं. तुम्ही फुंकलंत, तुम्हीच चालवलीत, लेक शाळेत पोचली. आता नवरा मागतोय ते वेगळं आहे. फुंकायचं तुम्ही आणि स्टिअरिंगवर बसायचं त्याने. दारू पिऊन गाडी चालवणं हा न्यू जर्सीत वाहतुकीचा गुन्हा धरतात, फौजदारी गुन्ह्यात तो मोडत नाही. पण इंटरलॉकचा आदेश असलेल्या माणसाला गाडी सुरू करून देण्यासाठी दुसऱ्या कुणी फुंकलं, तर फुंकणाऱ्यावर 'डिसऑर्डर्ली पर्सन' म्हणून गुन्हा लागतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १,००० डॉलरपर्यंत दंड आहे. दारू प्यायला तो, आणि घरातली पहिली फौजदारी नोंद पडेल तुमच्या नावावर. व्हिसा, ग्रीन कार्ड, पुढे कधी नागरिकत्व, प्रत्येक अर्जात "कधी अटक झाली होती का" हा रकाना असतो. तिथे काय लिहाल? तुमची स्वतःची गाडी त्याला चालवायला देणंही याच कायद्यात येतं, हेही ध्यानात ठेवा. आदेश संपेपर्यंत यंत्र नसलेली कुठलीच गाडी त्याने चालवायची नाही.

आणि हे झाकून राहील असं समजू नका. बहुतेक यंत्रांना कॅमेरा असतो, फुंकणाऱ्याचा फोटो नोंदीत जातो. शिवाय गाडी सुरू झाली म्हणजे सुटलो असं होत नाही. थोडं अंतर गेल्यावर यंत्र चालत्या गाडीत पुन्हा श्वास मागतं, आणि मग अधूनमधून मागतच राहतं. तेव्हा काय करणार? शेजारच्या सीटवरून वाकून तुम्ही फुंकणार, की तुम्ही सोबत नसाल त्या दिवशी मागे बसलेल्या लेकीच्या हातात नळी जाणार? घाबरवायला लिहीत नाही. लहान मुलांना फुंकायला लावल्याचे प्रकार अमेरिकेत घडलेले आहेत.

कायदा बाजूला ठेवते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "निदान यंत्र लागल्यापासून पार्टीत त्याचे ग्लास मोजायचं माझं काम थांबलं होतं." हे तुम्ही कंसात लिहिलंय, जाता जाता लिहावं तसं.

माझं आजोळ सांगलीचं. मामा संध्याकाळी 'बसायचा'. तो आतल्या खोलीत गेला की आजी त्याच्या राजदूत मोटरसायकलची किल्ली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल रोवून ठेवायची. मामाला ते माहीत होतं. त्याला माहीत आहे हे आजीलाही माहीत होतं. एकदा घाईत पीठ परातीत काढताना किल्लीही आली, आणि मळता मळता मामीच्या बोटाला लागली. मामीने ती नळाखाली धुतली, पदराला पुसली आणि परत डब्यात टाकली. आजी चुलीपाशीच बसलेली. दोघींपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

आपल्याकडे इंटरलॉक हे असं असतं. आई असते, बायको असते, कधी बारा वर्षांची मुलगी असते. किल्ली लपवणं, पेग मोजणं, चारचौघांत डोळ्यांनी 'आता पुरे' म्हणणं, परतताना "मी चालवते" म्हणून भांडण ओढवून घेणं, ही राखण वर्षानुवर्षं बायका करत आल्या आहेत. तुमच्या घरात चार महिन्यांपूर्वी एक डबी आली आणि तिने तुम्हाला या कामातून मोकळं केलं. तिला लाज नाही, दया नाही, तिच्याशी भांडता येत नाही, तिला "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" असं म्हणताही येत नाही. नवरा आज मागतोय ती नुसती फुंकर नाही. ते राखणदाराचं काम तुम्ही परत घ्यावं असं तो म्हणतोय, फक्त या वेळी उलट्या बाजूने: पूर्वी तुम्ही त्याला अडवायचात, आता तुम्हीच सोडायचं.

म्हणून तो पुन्हा म्हणेल तेव्हा वाद घालू नका. "त्यात माझ्यावर केस होते" एवढंच सांगा आणि तुमच्या गाडीची किल्ली घ्या. तुम्ही चालवा, किंवा त्याला उबर मागवू द्या, किंवा ट्रेन चुकू द्या. सकाळी स्टेशनला सोडणारा एखादा सहकारी जवळपास राहत असेल तर त्याच्याशी नवऱ्यानेच आधी बोलून ठेवावं, तुम्ही नाही. आणि या नकारावर त्याचा राग शब्दांच्या पुढे गेला, ढकलणं, पासपोर्ट लपवणं, व्हिसाची धमकी असं काही झालं, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी थांबू नका. न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते आहे. पत्रावरून तसं वाटलं नाही, तरी हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू शकेल.

आता त्या रविवारबद्दल. तुम्हाला ती सकाळ उशिराची आणि लाजेची म्हणून आठवते. मला तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. जरा हिशेब करू.

न्यू जर्सीत हे यंत्र ०.०५ च्या वर गाडी सुरू होऊ देत नाही. पावणेनऊला नवरा दुसऱ्यांदा नापास झाला. तोंडात माऊथवॉश किंवा काही राहिलं असतं तर पंधरा मिनिटांत गेलं असतं, म्हणजे ते रक्तातलंच होतं. शरीर दारू साधारण तासाला ०.०१५ या गतीने उतरवतं. कॉफी, अंघोळ, लिंबूपाणी, कशानेही ही गती वाढत नाही. एक ते पावणेनऊ म्हणजे पावणेआठ तास, म्हणजे ०.११ च्या वर उतरलं, आणि तरीही ०.०५ शिल्लक. बैठक मोडली तेव्हा आकडा ०.१६ च्या आसपास असणार. माणसागणिक थोडाफार फरक पडतो, पण दोन-तीन पेगांवर हा हिशेब बसत नाही. ६० मिलीच्या एका लार्ज पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि पाऊणशे किलोच्या पुरुषाचा आकडा त्याने ०.०४ च्या घरात वाढतो. म्हणजे चार मोठे पेग एका दमात, किंवा संध्याकाळभर घेतले तर पाच-सहा. अर्थात घरच्या बैठकीत मापाने कोण ओततं? यजमानाच्या हातचा 'अंदाजे' पेग ९० मिलीचाही असतो, म्हणून 'दोन-तीनच' हे त्याला स्वतःला खरंही वाटत असेल. खोटं बोलतो असं मी म्हणत नाही.

पण पकडला गेला त्या रात्री ०.१२ होतं. यंत्र लागल्यानंतरची, घरातली ही रात्र त्याहून जड होती.

म्हणजे काय झालं? गाडी थांबली, पिणं थांबलं नाही. ते बाहेरून घरात आलं. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर उलट हात सैल सुटला असेल. यंत्राने त्याचं काम चोख केलं. बाकीचं काम त्याचं नव्हतंच.

आणि इथे तुमचा तिसरा प्रश्न येतो. यंत्र निघालं की मिटेल का? यावर बरंच संशोधन झालंय आणि त्याचं उत्तर सरळ आहे. २०११ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की गाडीत यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण साधारण ६७ टक्क्यांनी खाली येतं. इतका परिणाम करणारा दुसरा उपाय शोधावाच लागेल. पण त्याच आढाव्यात हेही आहे की यंत्र काढल्यावर हे प्रमाण बहुतेक ठिकाणी पुन्हा पूर्वपदावर जातं. कॅनडात अल्बर्टा आणि क्वेबेक प्रांतांतल्या यंत्रांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. यंत्र असताना जे पुन्हा पुन्हा नापास होत होते, तेच यंत्र काढल्यावर पुन्हा सापडण्याची शक्यता जास्त होती. नोंदवही आधीच सांगत होती.

फ्लोरिडात याचाच उपयोग करून घेतला. तिथे ठरावीक वेळा नापास झालेल्यांना यंत्रासोबत उपचारही सक्तीचे केले. यंत्र काढून घेतल्यावरही त्या गटात पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने कमी राहिलं. स्वीडनने १९९९ मध्ये प्रयोग सुरू केला तेव्हाच दोन वर्षांची मुदत ठेवली आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासणी, रक्ताच्या चाचण्यांसह. यंत्र त्यांच्या लेखी उपचाराचा भाग होतं.

हे लिहिताना मला जाणवतंय की तुमच्या पत्रात यंत्राला तुम्ही सगळीकडे 'शिक्षा' म्हटलंय. नवऱ्यालाही तसंच वाटत असणार. शिक्षा असेल तर दिवस मोजायचे, संपली की सुटलो. पण न्यू जर्सीने १ डिसेंबर २०१९ पासून कायदा बदलला तो का, हे बघा. त्याआधी पहिल्याच गुन्ह्याला काही महिने लायसन्स जायचं. ज्या राज्यात दूध आणायलाही गाडी लागते तिथे लायसन्स गेलेली माणसं घरी बसत नाहीत, तशीच चालवतात. म्हणून लायसन्स बंद ठेवण्यापेक्षा यंत्रासकट चालवू द्यावं असं ठरलं. तुमच्या नवऱ्याची नोकरी टिकली, लेकीची शाळा चुकली नाही, ती या डबीमुळे. महिन्याला शंभरेक डॉलर जात असतील आणि वर तीन वर्षं दर वर्षी १,००० डॉलरचा अधिभार, ते बोचतं, मान्य. तरी ही शिक्षेपेक्षा मुदत जास्त आहे. नऊ महिने गाडीकडे कुणीतरी बघतंय, तेवढ्यात बाकीचं बघून घ्यायचं. त्यातले चार गेले. (पुण्यातले वाचक विचारतील, आपल्याकडे काय? मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे, न्यू जर्सीच्या ०.०८ हून बरीच कडक. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. कोर्टाने गाडीत यंत्र लावायला सांगण्याची सोय मात्र नाही. म्हणून पिठाचे डबे अजून कामावर आहेत.)

मग उरलेल्या पाच महिन्यांत काय करायचं?

यंत्राची तपासणी करून घ्यायला दर महिना-दोन महिन्यांनी जावं लागतं, तेव्हा नोंदी उतरवून घेतात. नवऱ्याने त्या नोंदींचा कागद मागून घ्यावा. तो घेऊन दोघं बसा, लेक झोपल्यावर, आणि नुसते पास-नापास बघू नका, वेळा बघा. सोमवारी सकाळी ०.०२, गुरुवारी सकाळी ०.०३ असं काही असेल तर त्या गाडी सुरू झालेल्या, कुणी न अडवलेल्या सकाळी आहेत आणि त्याच जास्त बोलतात. रात्रीची दारू सकाळी सातला शिल्लक राहणं हे मधल्या आठवड्यात दिसलं तर डॉक्टरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. हे बोलताना 'व्यसनी' हा शब्द तुम्ही वापरू नका. तो शब्द आला की पुढचा तास "मी काय बेवडा आहे का?" यावर जाईल, मी शेकडो पत्रांत हे वाचलंय. आकडा विचारा. "रविवारी ०.०५ च्या वर होतं, तर शनिवारी किती झाले असतील रे?" आणि गप्प बसा. उत्तर त्याला काढू द्या.

कोर्टाने त्याला आयडीआरसीच्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवलेल्यांसाठीच्या केंद्राच्या वर्गाला पाठवलं असेलच, पहिल्या गुन्ह्याला बारा तासांपासून असतो. तिथे प्रश्नावली भरून घेतात. बरेच जण ती वकिलाला विचारून 'योग्य' उत्तरांनी भरतात आणि बारा तास खुर्चीत काढून येतात. ते झालं असेल तर झालं. आता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक वेळ घ्यायची, आणि या वेळी खरी उत्तरं द्यायची. पिण्याची ओढ कमी करणारी औषधं आहेत, नॅल्ट्रेक्सोन त्यातलं एक, साधे फॅमिली डॉक्टरही ते लिहून देऊ शकतात. पुष्कळांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं उपचार म्हणजे महिनाभर कुठेतरी भरती व्हायचं. एक सावधगिरी: तो रोज आणि भरपूर पीत असेल तर "उद्यापासून एकदम बंद" अशी शपथ घालू नका. अचानक थांबवल्यावर हात थरथरणं, भ्रम, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग बंद.

तुमच्यासाठी अल-अनॉन आहे. पिणाऱ्याच्या घरच्यांचे गट, ऑनलाइनही भरतात. तिथे जायला नवऱ्याची परवानगी लागत नाही आणि तो बदलेपर्यंत थांबावंही लागत नाही.

यंत्र निघण्याच्या तारखेआधी एक करार लिहून काढा. मुदतीच्या शेवटच्या टप्प्यात नापास झालं तर कंपनी 'सुरळीत' असा दाखला देत नाही आणि मुदत लांबते, ते एक आहेच. पण समजा सुरळीत झालं, तरी यंत्र आपणहून आणखी काही महिने ठेवता येतं का ते कंपनीला विचारा. नवरा हसेल. "पैसे जास्त झालेत का?" म्हणेल. त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवा: यंत्र ठेवायचं, किंवा ज्या संध्याकाळी एक थेंबही घेतला त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किल्ली हुकवर. दुसरा पर्याय त्याने निवडला तर तो कुणी पाळायचा हेही लिहा. तुम्ही नाही. त्याचा जो मित्र त्याचा ग्लास भरतो, त्यालाच साक्षीदार करा, बघा कसं जमतं.

लेकीने वाढदिवसाच्या पार्टीत "आमच्या गाडीला फुगा फुगवावा लागतो" असं सांगितलं आणि तुम्हाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. तिला कळलंय. काय ते नीट कळलेलं नाही, पण काहीतरी आहे आणि ते बोलायचं नाही, एवढं कळलंय. सात वर्षांच्या मुलीला सांगता येतं: बाबाने दारू पिऊन गाडी चालवली होती, ते धोक्याचं असतं, म्हणून आता गाडी आधी बाबाचा श्वास तपासते. हे बाबाने सांगायचं. आणि ती नळी खेळणं नाही, कुणीही सांगितलं तरी तिने फुंकायचं नाही, हे तुम्ही सांगायचं, त्याच्यासमोर.

राहिले सासू-सासरे. लपवावं का, असं विचारलंत. लपेल कसं? विमानतळावरून घरी येईपर्यंतच सासरे विचारतील, हे काय वाजतंय. महिनाभर राहणार. जॉगिंगला जाताना, मंदिरात, ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात भाजीला, प्रत्येक वेळी डबी बोलणार. तुम्ही लपवायचं ठरवलंत तर रोज एक गोष्ट रचावी लागेल आणि ती तुम्हालाच रचावी लागेल, कारण नवरा "तू सांग काहीतरी" म्हणून मोकळा होईल.

शिवाय एक गोष्ट तुम्ही त्यांना आधीच रचून सांगितली आहे. दिवाळीला भारतात का आला नाहीत? "त्याला सुट्टी नव्हती." खरं कारण तुमच्या पत्रात आहे: दूतावासाची ईमेल आली आणि पासपोर्टावरचा व्हिसा रद्द झाला. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली की अमेरिकेचं परराष्ट्र खातं २०१५ पासून असे व्हिसे सावधगिरी म्हणून रद्द करतं, खटल्याचा निकाल लागायच्याही आधी. अमेरिकेत राहून नोकरी करायला त्याने अडत नाही, पण देशाबाहेर पडलं की नवा व्हिसा आणि त्यासाठी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी. पिण्याचा त्रास अजून चालू आहे असं त्या डॉक्टरांना वाटलं तर व्हिसा अडतो, आणि बारा महिने सावरलेले दिसावे लागतात. म्हणजे आज डॉक्टरांकडे जाणं हे व्हिसासाठी धोक्याचं, असं जे तुमचा नवरा म्हणतो, ते तपासून बघा. इमिग्रेशनच्या वकिलाला तासभराची फी देऊन विचारा, तुमच्या एच-फोरचंही, म्हणजे त्याच्या व्हिसाला बांधलेल्या तुमच्या व्हिसाचंही, त्यातच विचारून घ्या. वकिलाकडे दोघांनी जायचं. त्याने एकट्याने जाऊन "काही होत नाही म्हणाले" असा निरोप आणायचा नाही.

सासू-सासऱ्यांना त्यानेच सांगायचं, तिकिटाच्या तारखेआधी, फोनवर. "मेच्या पहिल्या रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर त्या दिवशी मी फोन लावून तुझ्या हातात देईन." एवढं तुम्ही म्हणू शकता. तुम्हाला भीती आहे की सासूबाई म्हणतील, "तू लक्ष दिलं नाहीस." म्हणतील कदाचित. आपल्याकडे मुलगा प्यायला तर सून जबाबदार, ही जुनी रीत आहे. मामीच्या वाट्यालाही ते आलंच. त्यावर भांडू नका. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे पिणाऱ्यांइतकंच घरच्यांशीही बोलतात. तुमचे सासरे निवृत्त आहेत, वेळ आहे, येण्याआधी एकदा जाऊन बसले तर महिनाभराचं तुमचं अर्धं ओझं हलकं होईल. सासूबाईंना एकटीला जायचं असेल तरी चालेल.

आणखी एक बारीक गोष्ट, पण यंत्र असलेल्या प्रत्येक मराठी घरात उपयोगी. सासूबाईंच्या बॅगेत द्राक्षासव नाहीतर दशमूलारिष्ट असणारच. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. होमिओपॅथीच्या थेंबांतही असतं, काही खोकल्याच्या औषधांतही. दोन चमचे घेऊन लगेच फुंकलं तर यंत्र ओरडेल, पंधरा-वीस मिनिटं थांबून, चूळ भरून फुंकलं तर सहसा ओरडणार नाही. सॅनिटायझर हाताला चोळून नळी धरू नये. बाटली डायनिंग टेबलावर ठेवताना त्यांनी "पोरा, तूही घे दोन चमचे, पचनाला बरं" असं म्हणण्याआधी त्यांना हे सांगावं लागेल. ते सांगायचं तर आधी फोनवरचं झालेलं हवं.